समुद्राची तापमानवाढ आणि किनारपट्टी

हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र शोषून घेतो. त्यामुळे हवा आहे त्याहून जास्त तापत नाही. भुर्दंड मात्र किनाऱ्याला पडतो.

तापलेले पाणी प्रसरण पावते. हे प्रसरण आणि वितळणारे बर्फ यांमुळे १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. आकडा किरकोळ वाटतो, पण वादळाचे उधाण या वाढीव पातळीवरूनच आत येते आणि पूर्वी कोरडी राहणारी घरे, शेते, विहिरी खाऱ्या पाण्याखाली जातात. गरम पाण्यामुळे चक्रीवादळ झपाट्याने तीव्र होऊ शकते. मग लोकांना हलवायला वेळ उरत नाही.

पाण्याखालची हानी सहसा नजरेआड राहते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी १ अंश सेल्सिअसने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या ऊतींतली सूक्ष्म शैवले बाहेर टाकतो. त्याचा रंग आणि बहुतेक अन्न या शैवलांकडूनच येते. त्यामुळे तो पांढरा पडतो (यालाच विरंजन म्हणतात) आणि उपासमारीने मरू शकतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभित्तीवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये मोठी विरंजने झाली. सावरायला उसंत मिळाली नाही. प्रवाळभित्ती झिजली की लाटा जोर न मोडता किनाऱ्यावर आदळतात. मासेही थंड पाण्याकडे सरकतात. अलास्काच्या आखातात समुद्रातील उष्णतेच्या लाटेनंतर कॉड मासा इतका घटला, की २०२० मध्ये तेथील कॉडची मुख्य मासेमारी बंद ठेवावी लागली.

संरक्षणासाठी सर्वांत आधी भिंत सुचते. दाट वस्तीच्या शहरांत ती लागतेच, पण भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते आणि भिंत संपते तिथे शेजाऱ्याच्या किनाऱ्याची धूप वाढते. नेदरलँड्सने २०११ मध्ये वेगळी वाट धरली: सुमारे २१५ लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी ओतली आणि ती पसरवण्याचे काम वारा-लाटांवर सोपवले. कांदळवने लाटांचा जोर मोडतात व गाळ धरतात, मात्र पाणी चढेल तसे मागे सरकायला त्यांना मोकळी जमीन हवी. मागे रस्ता बांधला की ती कोंडली जातात.

जीव वाचवण्यात पूर्वसूचनेइतका परिणामकारक उपाय क्वचितच असेल. आजच्या बांगलादेशावर आदळलेल्या १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान ३ लाख माणसे गेली. पुढे बांगलादेशाने आश्रयस्थाने उभारली, घरोघरी इशारा पोहोचवणारे स्वयंसेवक तयार केले आणि मृत्यू कित्येक पटींनी घटले. काही ठिकाणी मात्र गावच हलवावे लागते. फिजीतील वुनिदोगोलोआ गाव २०१४ मध्ये सुमारे दोन किलोमीटर आत, समाजाच्याच मालकीच्या उंच जमिनीवर वसवण्यात आले. अशी जमीन हाताशी नसलेल्या गावांसाठी ती आधीच राखून ठेवणे हे नियोजनातले सर्वांत निकडीचे काम आहे.