हळदीतलं कर्क्युमिन आणि मेंदूच्या पेशी: पार्श्वभूमी

वसमतच्या बाजारात व्यापारी हळकुंड मोडून आतला केशरी गाभा पाहतो. तो रंग कर्क्युमिनचा. वाळल्या हळदीत ते साधारण ३ टक्के असतं, चांगल्या मालात ५ पर्यंत. विसरभोळेपणावर म्हणून आता त्याच्या कॅप्सूलही विकल्या जातात. या दाव्याचा उगम मात्र हळदीच्या शेतात नाही.

१९५६ साली अमेरिकेत डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपणाचं खापर फ्री रॅडिकल्सवर, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंवर फोडलं. मेंदूला ते चपखल बसलं. त्याचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन खातो २० टक्के. शिवाय त्याच्या पेशींच्या आवरणातली चरबी करडईच्या तेलासारखी, हवेने लवकर खवट होणारी. मग या रॅडिकल्सना टिपणारं अँटिऑक्सिडंट दिलं की झालं, असं वाटणं साहजिक होतं.

पार्किन्सनच्या ८०० रुग्णांच्या चाचणीत ई जीवनसत्त्व हे अँटिऑक्सिडंट रोज २००० युनिट दिलं गेलं. १९९३चा निकाल: उपयोग नाही. को-एन्झाइम क्यू-१० हे दुसरं अँटिऑक्सिडंट रोज २४०० मिलिग्रॅमपर्यंत देऊन पाहिलं, २०१४ मध्ये तेही पडलं. एक कारण उशिराचं: हात थरथरू लागेपर्यंत मेंदूतल्या, हालचाल सांभाळणाऱ्या डोपामिनच्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. त्याच वर्षी अल्झायमरमध्ये ई जीवनसत्त्वाने रोजची कामं हातून सुटण्याचा वेग थोडा कमी केला. स्मरणशक्तीत फरक नाही.

कर्क्युमिन १८१५ मध्येच वेगळं काढलं गेलं होतं. काचेच्या बशीत ते रॅडिकल्स टिपतं, पोटात गेलं की गणित बिघडतं. आतडं आणि यकृत त्याला लगेच रूप बदलून बाहेर काढतात. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तेव्हा रक्तातलं प्रमाण सुमारे वीसपट वाढलं. पण मुळात ते इतकं कमी, की वीसपटही थोडंच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्झायमरच्या ३६ रुग्णांना २४ आठवडे रोज २ किंवा ४ ग्रॅम देऊनही फायदा दिसला नाही. ४ ग्रॅम म्हणजे रोज सव्वाशे ग्रॅमहून जास्त हळद पूड. आपल्या वरणात चिमूटभर पडते!

पायपरिनचा दुसरा पैलू जाहिरातीत नसतो. ते इतर गोळ्यांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं, आणि अशा जोड-कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबी उघडू नये.