गोतोकुजी

गोतोकुजी : जपानमधील टोकियोच्या सेतागाया भागातील सोतो झेन पंथाचे बौद्ध मंदिर. हिकोने संस्थानाचे अधिपती असलेल्या इई या सामुराई घराण्याचे हे एदोतील (आजच्या टोकियोतील) कुलमंदिर होते (अशा पितृस्मृतिमंदिरास जपानीत ‘बोदाइजी’ म्हणतात).

मंदिराच्या परंपरेनुसार सेतागायाचा सरदार किरा मासातादा याने १४८० मध्ये आपल्या आत्याच्या स्मृत्यर्थ किल्ल्याच्या आवारात कोतोकु-इन नावाचा आश्रम उभारला. प्रारंभी तो झेनच्याच रिन्झाई पंथाचा होता, १५८४ च्या सुमारास सोतो पंथाकडे आला. १५९० मध्ये होजो घराण्याच्या ओदावारा किल्ल्याचा पाडाव झाल्यावर किरांची सत्ता संपली. १६३३ मध्ये सेतागायाचा मुलूख इई घराण्याला एदोतील वाड्याच्या खर्चासाठी मिळाला आणि मंदिराला नवा आश्रयदाता लाभला.

आजचे नाव इई नाओताका (१५९०–१६५९) याच्या मरणोत्तर बौद्ध नामातील ‘गोतोकु’ या भागावरून पडले, याबद्दल दुमत नाही. मतभेद आहे तो मांजराविषयी. शिकारीहून परतणाऱ्या नाओताकाला दारातील मांजराने पंजा हलवून आत बोलावले. तो आत येताच विजांसह पाऊस कोसळला, पुजाऱ्याचे प्रवचन त्याला भावले आणि त्याने मंदिराला आश्रय दिला, अशी कथा आहे. दुसऱ्या पाठात तो झाडाखाली उभा असतो आणि तिथून हलताच त्या झाडावर वीज पडते. यावरून ‘मानेकी-नेको’ (बोलावणारे मांजर) या शुभचिन्हाचा उगम येथे मानतात. असाच दावा आसाकुसाजवळील इमादो आणि शिंजुकु भागातील जिशो-इन या मंदिरांचाही आहे. ‘बुको नेम्प्यो’ या एदोच्या वार्षिक वृत्तांतातील १८५२ ची नोंद आसाकुसातील एका वृद्धेची आणि तिने केलेल्या मातीच्या मांजरांची गोष्ट सांगते, तर त्याच वर्षीच्या हिरोशिगे या चित्रकाराच्या चित्रात अशा मांजरांचे दुकान दिसते. हे पुरावे समकालीन असल्याने इमादोचा पक्ष अधिक सबळ वाटतो. मांजराने नाओताकाला बोलावल्याची कथा हा इतिहास नसून आख्यायिका असावी. मात्र तिच्यामुळे मंदिराची कीर्ती टिकली. येथील मांजराचा उजवा पंजा वर असतो आणि त्याच्याजवळ नाणे नसते. नवस फेडणारे भाविक अशा मूर्ती शोफुकुदेन या आवारातील वास्तूजवळ आणून ठेवतात.

बुत्सुदेन (बुद्धमंदिर) नाओताकाच्या कन्येने १६७७ मध्ये बांधविले. त्यातील अमिदा (अमिताभ), शाक्य (शाक्यमुनी) व मिरोकु (मैत्रेय) यांच्या मूर्ती शोउन गेन्केई या शिल्पकार भिक्षूच्या आहेत. तीन मजली पागोडा अलीकडचा, २००६ चा आहे.

इई घराण्याच्या स्मशानभूमीत नाओताका आणि इई नाओसुके यांच्यासह सहा अधिपतींच्या समाधी आहेत. तोकुगावा शासनाचा ताइरो (सर्वोच्च मंत्री) म्हणून परदेशांशी तह करणाऱ्या नाओसुकेची १८६० मध्ये साकुरादा दरवाजाबाहेर हत्या झाली. हिकोने येथील सेइर्यो-जीप्रमाणेच ही स्मशानभूमीही २००८ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.