वास आला म्हणून पेरू नये

मे महिन्याच्या शेवटी, पारा 44 वर असताना, आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मागे बासरी, समोर हिरवंगार शेत (आमच्याकडे तेव्हा हिरवं म्हणजे धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, कडुनिंब आणि बाभूळ, बस), आणि एक गोड आवाज सांगत होता : पहिल्या पावसात मातीचा वास खोल श्वासात घ्या, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, त्यानं डिप्रेशन जातं. खाली दहा-बारा जणांनी हात जोडले होते. मी यवतमाळ जिल्ह्यात राहतो. मातीच्या वासानं माणसाचं मन सावरत असतं, तर देशातली सगळ्यात सुखी माणसं आमच्या तालुक्यात निघाली असती.

ज्या संशोधनाच्या नावानं हे खपवतात ते 2007 सालचं, ब्रिस्टल विद्यापीठातलं. मायकोबॅक्टेरियम व्हॅकी नावाचा मातीतला एक जिवाणू उष्णतेनं मारून उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलेलं रसायन) तयार करणाऱ्या काही पेशी जाग्या झाल्या. संशोधन चांगलंच आहे. पण जिवाणू मेलेला, प्राणी उंदीर, आणि वासाचा तिथं संबंधच नाही. मन खचलेल्या माणसाला डॉक्टरकडे न्यायचं सोडून वावरात उभं करून 'श्वास घे' म्हणणं मला नुसतं चुकीचं नाही, क्रूर वाटतं.

वासाची खरी गोष्ट मात्र या व्हिडिओपेक्षा कितीतरी मजेदार आहे.

मातीला स्वतःचा असा तो वास नसतोच. खात्री करायची असेल तर मूठभर माती जुन्या तव्यावर तासभर भाजा, गार करा आणि पाणी शिंपडा. मी केलं. वास आला तो जळका, आणि घरच्यांचा राग आला तो वेगळा. पावसाचा म्हणून आपण ओळखतो त्या वासात दोन-तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. विजांमुळे तयार होणारा ओझोन हा एक भाग. दुसरा, कोरड्या दिवसांत झाडाझुडपांतून निघून दगडमातीवर बसलेली तेलं. या वासाला 1964 मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोघा शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' हे नाव दिलं. उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले मात्र त्याआधीपासूनच मातीच्या चकत्यांमधून हाच वास चंदनाच्या तेलात उतरवत आले होते. बेअर-थॉमसनीही त्याची दखल घेतली होती. तिसरा, आणि खरा मातकट भाग, म्हणजे जिओस्मिन नावाचा रेणू.

जिओस्मिन बनवतात ते मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू. यांचेच एक भाऊबंद स्ट्रेप्टोमायसिन देतात, क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक औषध, 1943 सालचं. हे जिवाणू बुरशीसारखे धागे पसरून वाढतात आणि मातीतलं चिवट अन्न पचवतात : पऱ्हाटीचे (कापसाच्या वाळल्या झाडाचे) तुकडे, तुराट्या, किड्यांची कवचं. अन्न संपलं, ओल गेली, की बीजाणू (बियांसारखे चिवट कण) धरतात आणि उन्हाळा काढतात.

आता जरा रसायन. पेशीत फार्नेसिल डायफॉस्फेट नावाचा 15 कार्बनचा रेणू असतो. जिओस्मिन सिंथेज या विकराला (एन्झाइमला) दोन टोकं आहेत. पहिल्या टोकात या रेणूची साखळी वळून वलय होतं आणि जर्माक्राडायनॉल तयार होतं. ते दुसऱ्या टोकात जाऊन पुन्हा वळतं, तिथं तीन कार्बनचा तुकडा अ‍ॅसिटोनच्या रूपानं गळून पडतो आणि उरतो 12 कार्बनचा जिओस्मिन. नखाचं पॉलिश काढायला वापरतात तेच अ‍ॅसिटोन. एकच प्रथिन दोन्ही कामं करतं, हे 2007 मध्ये स्पष्ट झालं. हा परिच्छेद डोक्यावरून गेला तर जाऊ द्या, पुढे त्याचं काम नाही. मला आवडतो म्हणून लिहिला.

खरी गंमत थेंबात आहे. वास जमिनीत आणि नाक पाच फूट वर, मग तो इतक्या झटकन पोचतो कसा? 2015 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत यंगसू जुंग आणि कलन बुई यांनी अतिवेगवान कॅमेरे लावून पडणारे थेंब टिपले. 28 प्रकारचे पृष्ठभाग, त्यांत 16 मातीचे नमुने, आणि सुमारे 600 प्रयोग. त्यांना दिसलं ते असं. थेंब सच्छिद्र जमिनीवर आपटून चपटा होतो. मातीच्या छिद्रांतली हवा त्याच्याखाली कोंडते, तिचे बारीक बुडबुडे होतात. ते थेंबातून वर चढतात, पृष्ठभागावर फुटतात आणि सोड्याच्या ग्लासवर उडतात तसे बारीक तुषार हवेत फेकतात. मातीतलं जे काही त्या तुषारांत अडकलं असेल ते वाऱ्यावर स्वार होतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. थेंब फार जोरात आपटला तर बुडबुडे बनायला उसंतच मिळत नाही. म्हणून सर्वात जास्त तुषार हलक्या आणि मध्यम पावसात उडतात, धो-धो पावसात कमी.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यानं माझं बियाणं खाल्लं आहे.

जिवाणूला या वासाचा काय फायदा? 2020 मध्ये उत्तराचा एक भाग मिळाला. मातीत स्प्रिंगटेल नावाचे, मोहरीच्याही दाण्याहून लहान, सहा पायांचे उड्या मारणारे जीव असतात. जिओस्मिनच्या वासानं ते स्ट्रेप्टोमायसिसपाशी येतात, त्याला खातात आणि बीजाणू अंगावर व पोटात घेऊन दुसरीकडे नेऊन टाकतात. जिवाणू बीजाणू धरतानाच वासही सोडतो. म्हणजे बोरीच्या झाडानं बोरं पिकवावीत आणि पाखरांनी बिया न्याव्यात, तोच व्यवहार.

या व्यवहारात आपलं नाक कुठून आलं, हे कोडं आहे. माणसाला पाण्यातला जिओस्मिन लिटरला दहा नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) इतका कमी असला तरी कळतो. हिशेब करून बघा : वीस फूट व्यासाच्या विहिरीत पंचवीस फूट पाणी म्हणजे साधारण सव्वादोन लाख लिटर. तेवढ्या पाण्याला मातकट करायला दोन-सव्वादोन मिलिग्रॅम पुरतो. तिळाचा एक दाणा साधारण तीन मिलिग्रॅमचा असतो. (भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांतल्या मासळीला कधीकधी मातीचा वास येतो, तो याचाच. तलावात तो नीलहरित जिवाणू बनवतात. आंबटपणात हा रेणू मोडतो, म्हणून मासळीला चिंचेचा कोळ.) एडवर्ड विल्सन या जीवशास्त्रज्ञानं 1984 मध्ये मांडलं की सजीवांची ओढ माणसात उपजतच असते. पाणी आणि सुपीक जमीन हुडकायला पूर्वजांना हा वास कामी आला असेल, असंही काही जण म्हणतात. पटण्यासारखं आहे, पण सिद्ध झालेलं नाही. नाक तीक्ष्ण आहे, एवढं नक्की.

आणि तीक्ष्ण नाकच फसवतं.

तीन वर्षांपूर्वी मिरगाच्या तिसऱ्या दिवशी सर आली. असा वास सुटला की शेजारचे काका धुऱ्यावरून ओरडले, "भाऊ, आता कायची वाट पायतं? काढ तिफन!" काढली. सोयाबीनच्या दोन पिशव्या पेरल्या. पाऊस झाला होता 11 मिलिमीटर. वाळलेल्या काळ्या मातीत तेवढं पाणी जेमतेम दीड इंच उतरतं. सोयाबीनच्या दाण्याला उगवायला स्वतःच्या वजनाच्या निम्मं पाणी प्यावं लागतं. आमच्या दाण्यानं अर्धवट पिलं, फुगला, आणि पुढच्या दहा दिवसांच्या उघाडीत मातीतच सडला. दुबार पेरणी. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. पण त्या सकाळी आम्ही नाकाचं ऐकलं. वास सांगत होता की माती जिवंत आहे. ती किती ओली आहे हे तो सांगत नव्हता, आणि हलक्या सरीत तर तो उलट जास्तच दरवळतो.

बुलडाण्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या पहाटे सगळ्या हंगामाचं भाकीत सांगतात. तिथं जाणाऱ्यांची श्रद्धा मी समजू शकतो. पण नाल्याच्या अलीकडे 40 मिलिमीटर पडतो आणि पलीकडच्या शिवारात धूळ उडते, तिथं एका घटानं अख्ख्या मुलखाचं कसं सांगावं? साध्या पर्जन्यमापकाला दक्षिणा लागत नाही.

नाकाचा उपयोग आहे, पण दुसऱ्या कामाला. मी धुऱ्यावरची, कधी न नांगरलेली माती आणि दरवर्षी पऱ्हाट्या पेटवायचो त्या कोपऱ्यातली माती दोन वाट्यांत वाळवून दोन्हींवर सारखं पाणी शिंपडलं. धुऱ्याची घमघमली, कोपऱ्यातली जवळजवळ मुकी. याला प्रयोग म्हणायची माझी हिंमत नाही, पण पऱ्हाटी पेटवताना आपण कोणाचं जेवण जाळतो हे कळलं. गुलाबी बोंडअळीमुळे ती वावरात उभी ठेवता येत नाही, खरं आहे. उपटायचीच. आता आम्ही तिची कुट्टी करून शेणासोबत खड्ड्यात टाकतो. मजुरी लागते, आणि पहिल्या वर्षी हिशेबात तोटाच दिसतो.

यंदा सर आली तेव्हा काका परत धुऱ्यावर. मी खुरप्यानं वीतभर उकरलं आणि खालची माती त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी मूठ आवळली, उघडली. माती भुरभुर बोटांतून खाली आली. त्यांनी हात नाकाशी नेला.

"वास तं येऊन रायला," ते म्हणाले, "पण लाडू नाही बनून रायला."

तिफन गोठ्यातच राहिली.