पडद्याच्या दोन बाजूंची हवा

प्लॅनर मॅग्नेटिक हेडफोन घेतला की तो एकदा तरी खोलायचाच, अशी हौशी मंडळींमध्ये जवळपास रीत आहे. घरच्यांना ती पटत नाही. ‘एवढे पैसे मोजलेस आणि आता स्क्रू काय काढत बसलायस?’ असं ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरी आई अजूनही विचारते, आणि प्रश्न रास्त आहे. आवाज निर्माण करणारा भाग कंपनीने बनवूनच दिलेला असतो. घरी हात लावून तो सुधारत नाही, बिघडतो मात्र हमखास. पण त्या भागाच्या पुढे कानापर्यंत आणि मागे कपाच्या, म्हणजे कानावरच्या वाटीच्या, तळापर्यंत जी हवा असते, तिच्यावर ऐकू येणाऱ्या आवाजाचं बरंचसं रूप ठरतं. ही हवा मिलिलिटरमध्ये मोजावी एवढीच असते, आणि तिच्यात फेरफार करायला स्टेशनरीच्या दुकानातला फेल्टचा तुकडा पुरतो.

आधी तो हात लावू नये असा भाग. साध्या हेडफोनमध्ये एक छोटा घुमट असतो आणि त्याला तारेची गुंडाळी चिकटवलेली असते. गुंडाळीतून प्रवाह गेला की चुंबकाच्या क्षेत्रात ती मागेपुढे ढकलली जाते आणि घुमटाला सोबत नेते. म्हणजे जोर लागतो तो फक्त एका कड्यावर. कंपनं फार वेगवान झाली की घुमटाचा मध्य आणि कडा यांचा मेळ सुटतो. प्लॅनरमध्ये ही गुंडाळीच नाही. केसाहून कित्येक पट पातळ, काही मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा पडदा चौकटीवर ताणलेला असतो. त्यावर धातूची नागमोडी वाट उमटवलेली असते आणि पडद्याच्या दोन्ही अंगांना चुंबकांच्या पट्ट्या असतात. काही मॉडेलांमध्ये एकाच अंगाला.

या पट्ट्यांची मांडणी सावकाश बघण्यासारखी आहे. पडद्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पट्टीचे सारखेच ध्रुव एकमेकांकडे तोंड करून ठेवलेले असतात, उत्तरासमोर उत्तर. त्यामुळे चुंबकीय रेषांना आरपार जाता येत नाही. त्या मधोमध दबतात, आडव्या वळतात आणि पडद्याच्या पातळीतूनच शेजारच्या जोडीकडे धावतात, जिथे दक्षिणेसमोर दक्षिण असतो. त्यापुढच्या फटीत क्षेत्राची दिशा उलटी. पण उमटवलेली वाट नागमोडी असल्याने तिथे प्रवाहही उलटाच वाहत असतो. दहावीच्या पुस्तकातला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम दोन्ही फटींना लावून बघा: क्षेत्र उलटं, प्रवाह उलटा, म्हणून बल पुन्हा त्याच दिशेला, पडद्याला लंब. सगळा पडदा एकदम पुढे, एकदम मागे.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात पडद्याचा ताण सगळीकडे नेमका सारखा नसतो आणि चुंबकाच्या पट्ट्या आवाजाच्या वाटेतच आडव्या उभ्या असतात. तरीही खर्जातली विकृती, म्हणजे मूळ आवाजात नसलेली भेसळ, प्लॅनरमध्ये सहसा फार कमी असते.

कल्पना जुनी आहे. यामाहाने १९७६ मध्ये ‘एचपी-१’ काढला, त्याचं रूप मारिओ बेलिनी या इटालियन डिझायनरने घडवलं होतं. कंपनी या तंत्राला ऑर्थोडायनॅमिक म्हणायची. फॉस्टेक्सनेही त्याच दशकात या वाटेने सुरुवात केली आणि तिचा ‘टी५०आरपी’ पुढे स्टुडिओंमध्ये टिकून राहिला. दिसायला सुमार, किमतीला परवडणारा आणि चार स्क्रूंत उघडणारा हा हेडफोन म्हणजे बदल करणाऱ्यांचा कच्चा मालच झाला. अमेरिकेत डॅन क्लार्क यांनी त्याच्यात फेरफार करून विकायला सुरुवात केली आणि त्यातून स्वतःची हेडफोन कंपनी उभी केली. हायफायमॅन आणि ऑडिझी या कंपन्यांचे प्लॅनर २००९ च्या सुमारास आले आणि मग हा प्रकार पुन्हा चलतीत आला. आता दहा-पंधरा हजारांत नवा प्लॅनर मिळतो, त्यामुळे स्क्रू काढायला हात फारसा थरथरत नाही.

आता हवेकडे येऊ. पडद्याच्या पुढे, इअरपॅडच्या आत, कानाभोवती एक बंदिस्त कोठी तयार होते. खर्जासाठी ती बंदिस्त असणं सगळ्यात महत्त्वाचं. ४० हर्ट्झचा स्वर म्हणजे हवेचा दाब सेकंदाला फक्त चाळीस वेळा वरखाली होतो; एवढ्या संथ बदलात पॅडच्या फटीतून हवा निसटायला भरपूर वेळ मिळतो आणि दाब चढतच नाही. ४००० हर्ट्झला तेवढी सवडच नसते. म्हणून फट पडली की तार स्वर जागच्या जागी राहतात आणि खर्ज मात्र गळून जातो. चष्मेवाल्यांनी हा प्रयोग लगेच करावा: डग्ग्याची घुमक असलेला तबल्याचा एखादा तुकडा लावा, ऐकता ऐकता चष्मा काढा. फरक ऐकू आला तर तुमच्या हेडफोनला नव्या अँपची (अँप्लिफायरची) नाही, मऊ पॅडची किंवा बारीक काड्यांच्या चष्म्याची गरज आहे. कप तळव्यांनी हलके दाबूनही हे कळतं. हलकेच दाबा; जोरात दाबलं तर कोंडलेली हवा पडद्याला ढकलते आणि तो चुरचुरतो.

म्हणून पॅड बदलणं हा पहिला आणि सगळ्यात मोठा बदल. पॅडची जाडी वाढली की पडदा कानापासून लांब जातो आणि कोठी मोठी होते. आतल्या बाजूला भोकं असलेलं चामडं असेल तर फोममध्ये तार स्वर मुरतात, गुळगुळीत असेल तर ते आदळून परततात. वेलूरचे, म्हणजे मखमली कापडाचे, पॅड उन्हाळ्यात सुखाचे, पण त्यांच्या विणीतून हवा झिरपते, त्यामुळे खर्ज थोडा उतरतो. यात चांगलं-वाईट असं सरसकट काही नाही. एका मॉडेलवर बहरलेला पॅड दुसऱ्यावर बसवला की आवाज बसका होऊ शकतो, कारण दोघांच्या कोठ्या वेगळ्या.

ठाण्यात यात आणखी एक भर पडते. बरेचसे ‘लेदर’ पॅड म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा थर असतो, आणि पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांचं दमट हवेत जलीय विच्छेदन होतं: पाण्याचे रेणू त्याच्या लांब साखळ्या तोडत जातात. घाम त्याला हातभार लावतो. आधी चिकटपणा, मग भेगा, मग गालावर काळे कपचे. पॅडचा तो थर गेला की फट पडते आणि वर सांगितलेला खर्जाचा किस्सा सुरू होतो. ‘हेडफोन म्हातारा झाला, बेस गेला’ ही तक्रार मी ज्यांच्याकडून ऐकतो, त्यांचा पडदा बहुधा ठणठणीत असतो. पावसाळ्यात हेडफोन उघड्या स्टँडवर मिरवण्यापेक्षा सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेवणं शहाणपणाचं.

आता मागची बाजू. पडदा पुढे जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागेही टाकतो. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये तो जाळीतून बाहेर जातो, म्हणून ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये असा हेडफोन घालून काही उपयोग नाही: तुमचं गाणं शेजाऱ्याला आणि शेजाऱ्याचं भांडण तुम्हाला. बंद किंवा अर्धवट बंद कपात मात्र मागचा आवाज प्लास्टिकवर आपटून परत येतो, आणि पडदा इतका पातळ की त्यातून सहज पुढे निघतो. कप अडीच सेंटिमीटर खोल असेल तर जाऊन-येऊन ५ सेंटिमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, तेव्हा ५ सेंटिमीटर तरंगलांबी येते ६८०० हर्ट्झला, आणि त्याच्या निम्म्यावर ३४०० हर्ट्झ. या दोन जागांच्या आसपास मूळ आवाज आणि परतलेला आवाज एकमेकांना कुठे वाढवतात, कुठे खातात. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची असल्याने कान ३००० हर्ट्झच्या जवळपास सगळ्यात तीक्ष्ण असतो. नेमकं दुखरं ठिकाण.

इथे फेल्ट कामाला येतो. हस्तकलेसाठी मिळणारा ३ मिलिमीटर जाडीचा फेल्ट कपाच्या तळाच्या मापाने कापायचा, मधोमध तारेसाठी चीर द्यायची, आणि दुहेरी टेपच्या दोन बारीक ठिपक्यांवर टेकवायचा, म्हणजे नंतर सोलून काढता येतो. त्यावर कापसाचा विरळ थर. कपाचं प्लास्टिक टिचकीला खणखणत असेल तर आतून मुलांच्या खेळातली क्ले थापतात. वजन वाढलं की भिंत कमी थरथरते. आतल्या हवेच्या भोकांवर औषधाच्या दुकानातली मायक्रोपोर टेप लावली की हवेला थोडा अटकाव होतो आणि खर्जाचा फुगवटा आवरतो. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवला की जवारी कशी उघडते किंवा मिटते, तसाच हा प्रकार: वस्तू क्षुल्लक, जागा नाजूक. पण फेल्टची ताकद तरंगलांबीवर ठरते. १०,००० हर्ट्झची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटर, तिला ३ मिलिमीटर फेल्ट जाणवतो. १०० हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर, तिच्या खिजगणतीत हा फेल्ट नसतो. कपात कापूस ठासून भरणारे बहुतेकदा तार स्वरांचा जीव घोटतात आणि खर्जाची तक्रार तशीच राहते.

स्क्रू काढताना एक भान ठेवायचं. आत निओडिमियमचे चुंबक असतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक जवळ गेलं की हातातून हिसका बसल्यासारखं ओढलं जातं, आणि वाटेत तो काही मायक्रॉनचा पडदा असतो. सुटलेला स्क्रूही तिकडेच धावतो. म्हणून पडदा आणि चुंबकांच्या भागाच्या दोन्ही अंगांना आधी पुठ्ठा ठेवावा आणि लोखंडाची कानस, ड्रिल असलं काही त्या टेबलावर आणूच नये. रेल्वेमार्गालगत राहणाऱ्यांनी जरा जास्तच जपावं: तिथल्या धुळीत चाकं, रूळ आणि ब्रेक झिजून उडालेले लोखंडाचे कण असतात. असा एक कण चुंबकाला चिकटून पडद्याला टेकला की विशिष्ट सुरांवर खरखर सुरू होते.

केबलवर मात्र पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि प्लॅनरच्या बाबतीत ते गणिताने दाखवता येतं. साध्या हेडफोनचा विद्युत अवरोध सुराप्रमाणे बदलतो; प्लॅनरची धातूची वाट जवळजवळ निव्वळ रोध असते, खर्जापासून तार स्वरापर्यंत सारखाच. ३७ ओहमच्या हेडफोनला ०.३ ओहमची केबल लावली तर आवाज ०.०७ डेसिबलने उतरतो, आणि तोही सगळ्या सुरांवर सारखाच. स्वराचा पोत बदलायला जागाच उरत नाही. दुहेरी वेणीची चांदीची केबल देखणी असते, एवढंच.

अँपची गोष्ट वेगळी. तो ज्याला लागतो त्याला लागतोच. १ मिलिवॅटला ९४ डेसिबल देणाऱ्या ३७ ओहमच्या प्लॅनरला ११० डेसिबलच्या क्षणिक उसळीसाठी ४० मिलिवॅट, म्हणजे सव्वा व्होल्ट हवेत. फोनला हेडफोन जोडायचा चांगला डोंगल साधारण १ व्होल्ट देतो, तेव्हा जवळजवळ काम भागतं. पण ८४ डेसिबलचा, ५० ओहमचा प्लॅनर असेल तर तीच उसळी ४०० मिलिवॅट आणि साडेचार व्होल्ट मागते. दर १० डेसिबलला शक्ती दसपट. आकडा खोक्यावरच छापलेला असतो. दुकानदाराला विचारण्याआधी तो वाचावा.

फेल्ट-पॅड करून झाल्यावर जे उरतं ते सॉफ्टवेअरने. विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ हा वेगवेगळे सूर कमीजास्त करणारा प्रोग्रॅम फुकट आहे. अनेक उघड्या प्लॅनरमध्ये १ ते २ किलोहर्ट्झला थोडा खड्डा असतो. तिथे दोन डेसिबल वर उचललं की गायकाचा आवाज जरा पुढे येतो. खर्जात विकृती कमी असल्याने प्लॅनर तिथली उचलही सोसतो. खर्ज ५ डेसिबल वर नेलात तर एकूण पातळी तेवढीच खाली घ्या, नाहीतर डिजिटल सिग्नलचे शेंडे कापले जातात. ८ किलोहर्ट्झच्या वर मात्र दुसऱ्याने मोजलेल्या आलेखावर विसंबून अरुंद दुरुस्त्या करू नयेत. तिथे प्रत्येकाच्या कानाची पाळी आपापला आलेख काढते.

बदलाआधी आणि बदलानंतर तुलना करताना दोन्ही वेळचा आवाज सारखा ठेवणं फार कमी जण करतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज लहान असला की कानाला खर्ज विशेष कमी ऐकू येतो. मोठा केला की तोच खर्ज भरदार वाटतो, आणि श्रेय फेल्टला जातं. विकृती कमी असल्याने प्लॅनरवर आवाज किती चढवलाय हेही लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास अशी आहे. ९० डेसिबलला तीच शिदोरी चार तासांत संपते. ऐकायची वेळही निवडावी लागते. छताचा पंखा आणि घोडबंदर रोडवरची रहदारी यांच्या खाली तानपुऱ्याचे बारीक स्वरांश बुडून जातात, आणि उघड्या पाठीचा हेडफोन त्यांना अडवत नाही. रात्री अकरानंतर, पंखा एकवर.

शेवटची तपासणी डाव्या-उजव्या बाजूची. दोन्ही कपांत फेल्ट आणि कापूस सारख्या वजनाचा हवा. ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा छोटा काटा त्यासाठी पुरतो. मग एखादं जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावा. गायक कपाळाच्या मधोमध उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला झुकत असेल तर हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. गायकाने बाजू बदलली तर पुन्हा स्क्रू काढा. तो आहे तिथेच राहिला तर हेडफोन निर्दोष आहे. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन मळ काढून घ्या.