अँटिक ट्रॅक्टर पुलिंग: इंजिन मोठं की ट्यूनिंग भारी

अँटिक ट्रॅक्टर पुलिंग म्हणजे जुन्या, बहुतेक १९६० च्या आधी बनलेल्या ट्रॅक्टरांनी मातीच्या ट्रॅकवर वजनाची स्लेड ओढायची स्पर्धा. अमेरिकेत, त्यातही ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा असल्या मक्याच्या पट्ट्यात काउंटीची जत्रा भरली की हे असतंच. मोटारवाल्या ट्रॅक्टरांच्या पहिल्या स्पर्धा १९२९ च्या धरतात आणि नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन १९६९ ला झाली, पण तिकडचे चार-चार इंजिनं लावलेले, धूर ओकणारे राक्षस वेगळे, इथे आजोबांच्या शेतातला फार्मॉल नाहीतर जॉन डिअरच येतो. या खेळातला सगळ्यात जुना वाद म्हणजे इंजिन मोठं असलेलं बरं की आहे तेच नीट ट्यून केलेलं बरं.

आधी स्लेड समजून घ्या. पूर्वी सपाट पाटा असायचा आणि ट्रॅक्टर पुढे सरकेल तशी कडेला उभी माणसं एकेक करून त्यावर चढायची, म्हणजे लोड वाढत जायचा. आता चाकावरची लांब स्लेड असते, तिच्यावरची वजनाची पेटी ट्रॅक्टर चालायला लागला की पुढे सरकते आणि पुढचा पाटा जमिनीत दाबत जाते. सुरुवातीला हलकं, शेवटी जमिनीला खिळल्यासारखं. ३०० फूट, म्हणजे साधारण ९१ मीटर ओढलं की फुल पुल, आणि तेवढं झालं नाही तर ज्याची स्लेड जास्त लांब गेली तो जिंकला. ट्रॅक्टरांचे वजनाप्रमाणे गट असतात, आणि गटाची मर्यादा गाठेपर्यंत लोखंडी वजनं लटकवायची मुभा असते. मागच्या टायरात पाणी भरायची आपल्याकडची युक्ती तिकडेही आहे, फक्त थंडीत गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात.

आता इंजिनं. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा फार्मॉल एम, १९३९ ते १९५२, चार सिलिंडर, २४८ घनइंच म्हणजे ४०६० सीसीच्या आसपास, १४५० आरपीएमवर चालणारा. (महिंद्राने १९६३ मध्ये याच इंटरनॅशनलशी भागीदारी करून ट्रॅक्टर सुरू केले, म्हणजे आपल्या गावातल्या लाल ट्रॅक्टरचं हे लांबचं घराणं.) समोर जॉन डिअर जी, दोनच सिलिंडर, पण ४१२ घनइंच, ६७६० सीसी, एकेका सिलिंडरमध्ये जवळपास दहा जुन्या बुलेट ३५० बसतील. चालतो मात्र ९७५ आरपीएमवर, टप... टप... करत. आणि अ‍ॅलिस-चाल्मर्सचा डब्ल्यूडी-४५, २२६ घनइंच, कागदावर तिघांत लहान, पण वजनाच्या मानाने जोरकस म्हणून पुलिंगवाल्यांचा लाडका.

साइजवाल्यांचं म्हणणं सरळ आहे. इंजिन ताकद देतं ते हवा गिळून, आणि मोठं सिलिंडर एका फेरीत जास्त गिळतं. पण हिशोब केला की गंमत दिसते. जी ९७५ आरपीएमला मिनिटाभरात जेवढी हवा ओढतो, तेवढीच एम साधारण १६२० आरपीएमला ओढतो. म्हणजे गव्हर्नरची, इंजिनचे आरपीएम आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग थोडी ताणली, एमचे आरपीएम १७० ने वाढवले की सीसीचा फरक हवेच्या हिशोबात भरून निघाला! ट्यूनिंगवाले इथेच टाळी मागतात. ती लगेच द्यायची नाही, कारण इथे गिअर आडवा येतो.

एमचा पहिला गिअर कंपनीच्या आरपीएमवर ताशी अडीचच्या किंचित वर, नेमकं सांगायचं तर २.६२ मैल चालतो. बऱ्याच जुन्या-पद्धतीच्या गटांत स्पीडची मर्यादा असते, समजा ती ताशी ३ मैल आहे. मग पहिल्या गिअरमध्ये एम फार तर १६५० आरपीएमपर्यंतच फिरवता येतो, त्यावर गेला की मर्यादा मोडली आणि बाद. टायरच्या उंचीने थोडं इकडेतिकडे होईल, पण त्यापुढे आरपीएमचा रस्ता बंद झाला तो झालाच. उरला फक्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि टॉर्क मिळतो सीसीतून नाहीतर सिलिंडरमधल्या दाबातून. म्हणून स्लो गटात मोठं इंजिन भारी आणि स्पीड मोकळा असलेल्या गटात ट्यूनिंग भारी, हे जे लोक म्हणतात त्याचं मूळ या गिअरच्या हिशोबात आहे. नियमांचं पान न वाचता या वादात पडणं म्हणजे पिच न बघता टीम निवडणं.

बरं, सीसी वाढवणं आणि दाब वाढवणं यात तरी कोण पुढे? एमचं बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३ पूर्णांक ७/८ इंच. लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) आणि पिस्टन बदलून ते ४ इंच केलं की २६४ घनइंच होतात, सव्वाचार हजारांवर सीसी, आणि कंपनीनेच पुढे सुपर एममध्ये हेच केलं. ४ पूर्णांक १/८ केलं की २८१, जे फार्मॉल ४५० मध्ये आलं. २४८ वरून २८१ म्हणजे १३ टक्के वाढ. दुसरीकडे या इंजिनांचं कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-इंधन किती पट दाबलं जातं ते, फारच कमी होतं, पेट्रोलवाल्यांचं सहाच्या आत, आणि केरोसिन-डिस्टिलेटसारख्या स्वस्त तेलावर चालणाऱ्यांचं त्याहून खाली. ते आठपर्यंत नेलं तर थिअरीप्रमाणे ताकद दहा-बारा टक्क्यांनी वाढते. म्हणजे जवळजवळ बरोबरी! आणि लोक काही एकावर थांबत नाहीत. डोंगराळ भागात हवा विरळ म्हणून इंटरनॅशनलने स्वतःच ५००० आणि ८००० फूट उंचीसाठी फुगीर डोक्याचे पिस्टन काढले होते, ते सपाटीवरच्या शेतकऱ्यांनी मुद्दाम मागवून बसवले. इलिनॉयच्या एम अँड डब्ल्यू गिअर कंपनीचे मोठे लायनर-पिस्टन तर त्या काळातच घरोघरी गेले होते, त्यामुळे ‘ओरिजिनल’ म्हणजे नक्की काय यावरही भांडता येतं, आणि भांडतातच.

ट्यूनिंग म्हणजे नुसतं कम्प्रेशन नाही. इग्निशनचं टायमिंग, कार्बोरेटरचा जेट, हेडचे पोर्ट, व्हॉल्व्ह, ते उघडणारा कॅम, आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे गव्हर्नर. ट्रॅकच्या शेवटच्या शंभर फुटांत लोड एकदम चढतो, इंजिन दबायला लागतं, तेव्हा गव्हर्नरने थ्रॉटल झटकन उघडला नाही तर पाच हॉर्सपॉवर जास्त असून उपयोग काय. उलट नवशिका माणूस कॅम असा घालतो की ताकद सगळी वरच्या आरपीएमला येते आणि दबलं की काहीच उरत नाही. जीसारखा जड फ्लायव्हीलवाला (इंजिनचा वेग टिकवणारं जड चाक असलेला) दोन सिलिंडरी इथे वेळ काढून नेतो, तो दबतो पण सावकाश दबतो.

आणि या दोघांच्या वर तिसरीच गोष्ट बसलेली असते, ती म्हणजे पकड. ड्रॉबारवरची, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या ओढायच्या दांड्यावरची, हॉर्सपॉवर म्हणजे पौंडातली ओढ गुणिले ताशी मैल भागिले ३७५. ५५०० पौंडांचा, म्हणजे अडीच टनी ट्रॅक्टर चांगल्या ट्रॅकवर फार तर स्वतःच्या वजनाइतकं ओढेल असं धरलं तर ताशी ३ मैलाला लागतात ४४ हॉर्सपॉवर. स्टॉक, म्हणजे कंपनीतून आला तसाच असलेल्या एमचं इंजिन चाळीसच्या आसपास देतं, त्यातून गिअरबॉक्समध्ये थोडी जाते, म्हणजे पहिली काही हॉर्सपॉवर वाढवली तर खरंच फायदा. त्यापुढे साइजने वाढवा की ट्यूनिंगने, चाक जागेवर फिरून खड्डा करणार. ताशी ६ मैलाला मात्र तेवढ्याच ओढीला ८८ लागतात, तिथे प्रत्येक हॉर्सपॉवर कामाची.

म्हणून अनुभवी माणूस हेड उघडायच्या आधी वजनं हलवून बघतो. स्लेडची ओढ ड्रॉबारवर खाली-मागे लागते, त्याने पुढच्या चाकावरचा भार मागच्यावर येतो. ड्रॉबार जितका उंच तितका भार जास्त सरकतो, पण नाक वर उठतं, म्हणून त्या उंचीवर क्लबांची मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी २० इंच. पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली, ना उचलली ना दाबली, अशी सेटिंग सापडली की तोच ट्रॅक्टर, त्याच इंजिनवर, कित्येक फूट पुढे जातो.

आरपीएम वाढवण्याचा धोकाही लक्षात ठेवायला हवा. जुनी ओतीव लोखंडाची फ्लायव्हीलं ठरावीक फेऱ्यांसाठी बनलेली, फार पळवली की फुटून तुकडे गोळीसारखे उडतात. त्यामुळे मोकळ्या गटांत क्लब शील्ड, मागे उलटू नये म्हणून दांडे आणि स्लेड सुटली तर इंजिन बंद करणारा किल स्विच मागतात.