कुत्र्यांची झुंज

दोन कुत्र्यांना समोरासमोर आणून, चिथावून आणि पळायची वाट बंद करून करमणुकीसाठी किंवा पैजेसाठी लढवणे म्हणजे कुत्र्यांची झुंज. भारतात ती बेकायदेशीर आहे. जागा स्वतःच्या मालकीची असली, पैज लागलेली नसली तरी गुन्हा होतोच.

‘कुत्री भांडतातच, त्यात काय एवढं’ हा झुंज लावणाऱ्यांचा नेहमीचा बचाव. तो खोटा आहे. सोलापूरच्या कुठल्याही गल्लीत उकिरड्यावर दोन कुत्री जुंपली की काय होते? गुरगुर, दात विचकणे, एखाददुसरा चावा. मग एक कुत्रे शेपूट पायांत घालते किंवा उताणे पडून पोट दाखवते आणि दुसरे तिथेच थांबते. बहुतेक वेळा काही सेकंदांत भांडण मिटते. झुंजीत मात्र ही शरणागती चालत नाही. हरलेल्या कुत्र्याला मानगूट धरून पुन्हा पुढे ढकलले जाते. खरी क्रूरता इथे आहे.

राखणीच्या कुत्र्याशीही झुंजीची तुलना करू नये. सोलापूरच्या माळरानावर लांडग्यांचा वावर आहे. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, कारण लांडगा आधी गळा धरतो. तो पट्टा कुत्रा जगावा म्हणून असतो.

जखमा. झुंजीच्या जखमा मुख्यतः नाक, ओठ, कान, गळा आणि पुढच्या पायांवर असतात. ताज्या खपलीशेजारी जुने पांढरे वण दिसले, तर कुत्रा अनेकदा लढवला गेल्याची दाट शंका घ्यावी. पिटबुल या जातीच्या कुत्र्याचा जबडा ‘लॉक’ होतो ही निव्वळ अफवा आहे. तसा कोणताही सांधा कुत्र्यात नसतो. कुत्रा पकडतो आणि हिसडे देतो. त्यामुळे वरून भोक तुरीच्या दाण्याएवढे दिसते, पण आत कातडी मांसापासून सुटून पोकळी झालेली असते. दोन ते चार दिवसांत त्यात पू होतो. मालक पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात जात नाही. घरीच हळद दाबतो, साध्या दोऱ्याने टाके घालतो, माणसाची आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी देतो. टाक्यांनी घाण आत कोंडते आणि त्या गोळीने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला, किंवा हिरडी मुळातच पांढरीफटक असली, तर कुत्रा शॉकमध्ये (अवयवांना पुरेसे रक्त न पोचण्याच्या अवस्थेत) आहे असे समजून तातडीने पशुवैद्याकडे न्यावे. झुंजीनंतर काही तासांनी होणारे मृत्यू बऱ्याचदा असेच होतात.

कायदा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० मधील कलम ११(१)(एम) करमणुकीसाठी प्राण्याला झुंजायला चिथावण्याबद्दल आहे. कलम ११(१)(एन) झुंजीची जागा चालवणे, ती वापरायला देणे किंवा प्रवेशाचे पैसे घेणे याबद्दल आहे. तक्रारी इथेच फसतात. ‘एन’ दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात; ‘एम’ नाही. अर्जात फक्त ‘कुत्री लढवली’ एवढेच लिहिले, तर ठाण्यात एनसी (अदखलपात्र नोंद) होते आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास पुढे सरकत नाही. म्हणून जागा कोणती, कोणाच्या ताब्यातली, आत येण्याचे पैसे कोण घेत होते, हे आधी लिहावे. एक गुन्हा दखलपात्र असला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार सगळे प्रकरण दखलपात्र धरले जाते.

शिक्षा लाजिरवाणी आहे: पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड, तीन वर्षांत पुन्हा केल्यास २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांत दाखल व्हावा लागतो. चालढकल झाली की तो मेला. कुत्रा मारला गेला किंवा अपंग झाला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ (पाच वर्षांपर्यंत कैद) लावून घ्यावे. पैज असेल तर जुगार प्रतिबंधक कायदाही लागतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जलिकट्टू प्रकरणात प्राण्यांना झुंजायला चिथावले जाणार नाही याची काळजी घेण्यास प्राणी कल्याण मंडळाला बजावले होते. पिटबुलसह अनेक जातींवरील बंदीबाबतचे केंद्राचे मार्च २०२४ चे परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केले. त्यामुळे जातीवर बोट ठेवून तक्रार टिकत नाही. ती कृत्यावर टिकते.

तक्रार आणि पुरावा. झुंज चालू असताना ११२ वर फोन करावा. सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालयाची हद्द, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट अशा तालुक्यांत ग्रामीण पोलिसांची. हद्दीचा घोळ असेल, घटना सीमेपलीकडे विजयपूर किंवा कलबुर्गीकडची असेल, तरी कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो.

सगळ्यात मोठा पुरावा कुत्र्याच्या अंगावर असतो आणि तो रोज पुसट होतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३४ नुसार शिपायाहून वरच्या दर्जाचा पोलीस प्राणी जप्त करून पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीला नेऊ शकतो. केस भादरून प्रत्येक जखमेचा मोजपट्टीसह फोटो घ्यावा आणि जुने वण वेगळे नोंदवावेत. पंचनाम्यात रक्ताळलेली माती, साखळ्या, सिरिंज, पैजेच्या चिठ्ठ्या, मोबाइल आलेच पाहिजेत.

झुंज सोडवताना. दोन तोंडांच्या मध्ये हात घालू नये, पट्टा ओढू नये. ओढल्याने मांस फाटते आणि कुत्रा हातालाच चावतो. आधी तोंडावर पाणी मारावे, फळी मध्ये सरकवावी. न जमल्यास दोघांनी एकाच वेळी एकेका कुत्र्याचे मागचे पाय उचलून, पकड सुटताच मागे सरकावे. माणसाला दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी सिव्हिलमध्ये रेबीजची लस सुरू करावी. रक्त आले असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते.

जप्त कुत्री एका गाडीतून नेऊ नयेत आणि शेजारच्या पिंजऱ्यांत ठेवू नयेत. मध्ये पत्रा किंवा ताडपत्री हवी. जप्त प्राण्यांच्या देखभालीबाबतच्या २०१७ च्या नियमांनुसार खटला चालू असताना त्यांच्या खाण्या-औषधांचा खर्च आरोपी मालकाकडून वसूल होतो. हा आदेश पहिल्याच तारखेला मागावा, नाहीतर निवारा खर्चाने वाकतो आणि कुत्रा पुन्हा त्याच साखळीला जातो.