जुना लॅपटॉप स्लो झालाय, रॅम वाढवू की एसएसडी टाकू?

२०१४ च्या आसपासचा चौथ्या जनरेशनचा आय३, ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, असे लॅपटॉप अजून कितीतरी घरांत चालू आहेत. तो रखडायला लागला की कुणीतरी लगेच सांगतं, रॅम वाढव. थांबा, पैसे घालायच्या आधी नक्की कुठे अडतंय ते बघा, कारण रॅम कमी पडो की डिस्क, मशीन हँग होताना दिसतं अगदी सारखंच.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्समध्ये जा. एकदा लॅपटॉप चालू केल्या केल्या बघा आणि एकदा रोजचं सगळं उघडून, म्हणजे क्रोमचे टॅब, एक्सेल, जे काय असेल ते. मेमरी निम्मीच भरलीय आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर चिकटलीय? मग एसएसडीच (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर साठवणारी डिस्क) घ्या, रॅम कितीही ओतली तरी उपयोग नाही. त्या १०० टक्क्यांखालचा स्पीडही वाचा, बऱ्याचदा सेकंदाला जेमतेम १-२ एमबी असतो. लोकांना वाटतं डिस्क भरपूर काम करतेय, पण ती बहुतेक वेळ नुसती वाट बघत असते, बारीक बारीक फायली विखुरलेल्या असतात, प्रत्येकीसाठी वाचणारं हेड सरकवायचं, चकती फिरून यायची, यात १०-१५ मिलिसेकंद जातात म्हणजे सेकंदाला शंभरेक वेळा वाचून झालं की संपलं. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, साधी साटावाली (या लॅपटॉपांत हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी) सुद्धा सेकंदाला हजारो वेळा असं वाचते.

खरी गल्लत पुढे होते. मेमरी ९५ टक्के आणि डिस्कही १००, असं दिसलं तर डिस्क बिचारी रॅमचं ओझं वाहतेय असं समजा. रॅम संपली की विंडोज मेमरीतला काही भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलतं, तुम्ही टॅब बदलला की तो परत आणतं, आणि ही ने-आण फिरत्या डिस्कवर म्हणजे छळ आहे. एसएसडी टाकली तर छळ कमी होतो, पण ने-आण चालूच राहते, ती थांबते रॅम वाढवल्यावरच.

एकालाच पैसे असतील तर माझं स्पष्ट मत, ४ जीबी आणि फिरती डिस्क असेल तर आधी एसएसडी, कारण चालू होण्यापासून प्रत्येक गोष्टीत फरक कळतो, मग जमेल तेव्हा ८ जीबी करा. २ जीबीच असेल तर आधी रॅम. एसएसडी आधीच आहे आणि टॅब बदलताना अडकतंय, तर रॅमच.

रॅम घेताना सांभाळा, या पिढीच्या लॅपटॉपला शक्यतो १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, डीडीआर४ खाचेतच बसत नाही, आणि काहींत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणून स्लॉट किती आणि रिकामा आहे का हे आधी बघून घ्या. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वर टाकलेली रॅम वापरलीच जात नाही, ६४-बिट टाकावं लागेल. विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हे प्रोसेसर विंडोज ११ च्या सपोर्टच्या यादीत नाहीत, तेव्हा नव्या एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचा विचार जरूर करा. काढलेली हार्ड डिस्क फेकू नका, यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरा, फक्त फोटोंची एकुलती एक कॉपी तिच्यावर ठेवू नका.